जीभ टाळूला लावली की घोरणं थांबतं का?
जीभ टाळूला लावून ठेवायची सवय केली तर घोरणं आणि स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार) जातो का, असा प्रश्न आहे. इतकं सरळ नाही, पण संबंध आहे. जीभ पुढे ओढून धरणारा स्नायू झोपेत सैलावतो, जीभ मागे पडते आणि श्वासाची वाट अडते. उताणं झोपल्यावर जास्तच.

आता तुमची जीभ कुठे टेकते ते कळायला आवंढा गिळून बघा. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकलं तर ठीक. दातांच्या फटीत घुसत असेल, तर ती तान्हेपणीची सवय राहून गेलेली असू शकते. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांत हे बरेचदा दिसतं. जीभ खालीच राहते आणि टाळू अरुंद वाढू शकतो. मूल रोज तोंड उघडं टाकून झोपत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच.

२००९ साली ब्राझीलमध्ये मध्यम अ‍ॅप्निया असलेल्या ३१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३ महिने जीभ-घशाचे व्यायाम करणाऱ्यांचा श्वास तासाला सरासरी २२ वेळा अडायचा, तो १४ वर आला. फरक मोठा आहे, पण १४ म्हणजे आजार गेला नव्हे. म्हणून कळकळीने सांगते, व्यायामाच्या भरवशावर सीपॅप (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र) बंद करू नका. झोपेची तपासणी पुन्हा करून डॉक्टरांशी बोला.