'गाव कुठलं?' हा प्रश्न सिडनीत कुणी कुणाला विचारायचा?

नदीकाठ (धागाकर्ती)

मी पश्चिम सिडनीतल्या एका रुग्णालयात नर्स आहे. कामावर लागताना आदिवासींविषयी 'सांस्कृतिक जाण' नावाचा ऑनलाइन पाठ उरकावा लागतो. शेवटी दहा प्रश्न, मग प्रमाणपत्र. मला दहापैकी दहा मिळाले.

त्याच महिन्यात एक कूरी आजी आल्या. (न्यू साउथ वेल्समधले बरेच आदिवासी स्वतःला कूरी म्हणवतात.) मी गप्पा मारायच्या म्हणून विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" म्हणाल्या, "रेडफर्न." (सिडनीच्या मध्यभागाला लागून असलेलं उपनगर.) मी म्हटलं, "ते आत्ताचं झालं हो, खरं गाव कुठलं?" त्यानंतर आजींनी प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणायला सुरुवात केली. गोळ्या घेता? हो. चक्कर येते? हो. म्हणजे येत नाही ना? हो. पुढच्या तपासणीला आल्याच नाहीत.

आमच्याकडच्या कूरी समन्वयक ताईंनी नंतर समजावलं. तो होकार नव्हता, 'आता पुरे' होतं. आणि मी जे विचारलं त्याचा त्यांच्या कानाला लागलेला अर्थ असा: शहरातली आहेस, म्हणजे अस्सल नाहीस.

मग मी रेडफर्नबद्दल वाचायला घेतलं. गावोगावच्या मिशन-वसाहतींतून (आदिवासींना ठेवायला चर्चने आणि सरकारने काढलेल्या वस्त्या) माणसं इथे आली, एव्हलीच्या रेल्वे कारखान्यात आणि आसपासच्या कामांना लागली. पोलीस उठसूट उचलत म्हणून 1970 साली त्यांनी स्वतःची कायदा मदत सेवा काढली, 1971 साली स्वतःचा दवाखाना. 1973 साली केंद्र सरकारच्या अनुदानातून 'द ब्लॉक' या रेडफर्नमधल्या वस्तीतली घरं त्यांच्या संस्थेकडे आली. आमच्या पाठात वाळवंट होतं, ठिपक्यांची चित्रं होती, यातलं अक्षरही नव्हतं. माझं मत: तो पाठ गुंडाळा आणि ज्या शहरात नोकरी करता तिथल्या आदिवासींचं शहरी आयुष्य शिकवा.

कडूकारलं

ताई, राग मानू नका. मी इथे 2009 साली आलो, कुणाची जमीन बळकावली नाही. इंग्रजांनी आपल्यालाही लुटलं. तुमच्या वॉर्डात लेबनीज येतात, व्हिएतनामी येतात, सामोअन येतात. प्रत्येकाचा इतिहास वाचून मग रक्तदाब मोजणार का? रांग हलायची कधी? नर्सने नीट, आदराने बोलावं, संपला विषय. राहता राहिलं राजकारण, तर 2023 च्या ऑक्टोबरात सार्वमतात या देशानेच सुमारे 60 टक्क्यांनी 'नाही' म्हटलंय.

नदीकाठ

सार्वमत संसदेला सल्ला देणाऱ्या आदिवासी मंडळाबद्दल होतं, नर्सने कसं बोलावं याबद्दल नव्हे. आणि आदरानेच बोलले होते की मी! लेबनीज आजीला रुग्णालयाची भीती वाटली तर ती इंजेक्शनची असेल. इथे आदिवासी बायकांची तान्ही बाळं रुग्णालयांतून काढून नेली आहेत. 13 फेब्रुवारी 2008 ला पंतप्रधान रड यांनी संसदेत माफी मागितली ती अशाच पळवलेल्या पिढ्यांची. त्या आजींच्या वयाचा हिशेब तुम्हीच करा.

आडवाटेने

पर्थहून भर घालतो. 1927 ते 1954 पर्थचं मध्यवर्ती शहर आदिवासींना मनाई केलेला भाग होतं. परवाना असेल तरच आत पाऊल. माझं ऑफिस नेमकं त्याच भागात आहे. तेव्हा 'शहर त्यांचं नाहीच' हे आपोआप नाही झालं, कायदा करून केलंय. जेवणाच्या सुट्टीत तिथून चालताना आता ते डोक्यात येतंच. त्याने माझ्या कामात काय फरक पडला म्हणाल, तर प्रामाणिकपणे, फारसा नाही.

ठोंब्या

माझा विरोध उलट बाजूने. तुम्ही त्या आजींचं पाठ्यपुस्तक करताय. शहरातल्या प्रत्येक कूरीने डॉक्टर, शिक्षक, पोलीस या सगळ्यांपुढे आपली जखम पुन्हा उघडून दाखवायची आणि आपण 'शिकलो बुवा' म्हणून घरी जायचं. हे काम कुणाचं, त्याचा पगार कोण देतं?

आणि एक. 'गाव कुठलं' हे कूरी एकमेकांनाही विचारतात, अगदी पहिल्या भेटीत. तुझी माणसं कोण, कुठली? नातं लागतं का बघायला. आपण मराठी लोकांना हे समजायला पाठ कशाला हवा? 'आडनाव काय?' हा प्रश्न सोयरीक काढायला कोण विचारतं आणि जात हुंगायला कोण, हे आपल्याला शब्दावरून नाही, विचारणाऱ्यावरून कळतं. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच वर्षी ब्रिस्बेनच्या आदिवासी तरुणांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. दोघांनी नाव अमेरिकेतून उचललं. आपल्या मंडळात याबद्दल कुणी बोलल्याचं आठवतंय? 26 जानेवारीचं झेंडावंदन आणि भजी मात्र दरवर्षी.

कडूकारलं

26 जानेवारी आमचा प्रजासत्ताक दिन आहे. त्याची लाज वाटून घेणार नाही.

ठोंब्या

लाज कोण मागतंय? 1788 साली त्याच तारखेला इथे इंग्रजांचा झेंडा लागला, म्हणून 1972 साली त्याच दिवशी कॅनबेरात संसदेसमोर आदिवासींनी तंबू-दूतावास ठोकला. त्या दिवशी कूरी शेजाऱ्याला आपण भज्यांना बोलावतो आणि तो आला नाही की 'मिसळत नाहीत हो हे लोक' म्हणतो. एवढंच म्हणतोय.

आडवाटेने

अवांतर: वडीलधाऱ्या बाईंना इथले आदिवासी 'आंटी' म्हणतात आणि तो मान असतो. आपल्याकडे म्हणून बघा भाजीवालीला.

नदीकाठ

ठोंब्या, पाठ्यपुस्तकाचा मुद्दा लागला. समन्वयक ताई एकट्या आहेत, वॉर्ड बरेच. त्यांनाही मी डबा खाताना गाठूनच विचारलं होतं.

आजींचं एवढंच कळलं की काळजी नको, त्या रेडफर्नच्या दवाखान्यात दाखवतात. पश्चिम सिडनीतल्या माउंट ड्रुइटहून ट्रेनने जातात, आमचं रुग्णालय ओलांडून.

कडूकारलं

बरं, मग तिथली नर्स 'चक्कर येते का' हे कसं विचारते? उपहास नाही, खरंच विचारतोय. उद्या माझ्याही काउंटरवर कुणी नुसतं 'हो हो' म्हणेल.

नदीकाठ

माहीत नाही. ताईंची रीतसर वेळ घेऊन विचारते. डब्याच्या वेळी नाही.