शब्दचर्चा : चौकशी, कार्यकक्षा, मुदत, पेशी

परभणीकर : ‘चौकशी’ आणि ‘तपास’ यांत नेमका फरक काय? आणि चौकशी आयोगाच्या ‘terms of reference’ला ‘संदर्भ अटी’ म्हणणं बरोबर आहे का?

नांदेडकर : पोलीस करतात तो तपास, कायद्याच्या मराठीत ‘अन्वेषण’. त्यातून आरोपपत्र निघतं. आयोग करतो ती चौकशी. ‘चौकस’वरून आलेला शब्द. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ नुसार आयोगाला साक्षीदार बोलावायचे, कागद मागवायचे अधिकार असतात, शिक्षेचे नाहीत. म्हणून ‘आयोगाने तपास केला’ लिहू नये.

‘संदर्भ अटी’ हे ओढूनताणून केलेलं भाषांतर. ‘कार्यकक्षा’ म्हणा, म्हणजे आयोगानं कशाची चौकशी करायची ती हद्द. खर्चाचं मूळही तिथंच असतं. ‘व तदनुषंगिक इतर बाबी’ असं शेपूट लावलं, की प्रत्येक वकील आपला मुद्दा त्यात बसवतो आणि साक्षीदार वाढत जातात. घटना कोणती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणतं कार्यालय, हे आधीच लिहा.

लातूरकर : ताई, ‘मुदत’ही बघा. आपल्याकडच्या उर्दूत ‘मुद्दत’ म्हणजे लांबलचक काळ, ‘मुद्दत से नहीं मिले’. मराठीत मात्र मुदत म्हणजे बांधून दिलेला काळ. बाबरी मशीद पाडल्याच्या चौकशीसाठीचा लिबरहान आयोग डिसेंबर १९९२ मध्ये तीन महिन्यांच्या मुदतीवर नेमला. ४८ मुदतवाढी झाल्या, अहवाल आला जून २००९ मध्ये! मुदतवाढीच्या आदेशात नुसती नवी तारीख नको. किती साक्षी राहिल्या, किती बैठका लागतील, हेही हवं.

परभणीकर : मग आयोगाचा खर्च कमी करण्याला ‘कपात’ म्हणावं की ‘काटकसर’?

बीडकर : काटकसरच. कपातीत गरजेचंही छाटलं जातं. ज्याच्या लौकिकाला धक्का बसू शकतो त्याचं म्हणणं ऐकणं चौकशी आयोग अधिनियमाच्या कलम ८-बी नुसार बंधनकारक आहे, ८-सी नुसार त्याला उलटतपासणीचा हक्क आहे. त्याला म्हणणं मांडायला बोलावणारी नोटीस उशिरा निघाली तर झालेले साक्षीदार परत बोलवावे लागतात. निघालीच नाही तर अहवालातले ताशेरे कोर्टात टिकत नाहीत. काटकसर दुसरीकडे करा : सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराची मूळ साक्ष, प्रतिज्ञापत्रावर घ्या, तोंडी फक्त उलटतपासणी. किनवटच्या साक्षीदाराला मुंबईला नेण्यापेक्षा बैठक नांदेडला ठेवा. ब्रिटनच्या २००५च्या चौकशी कायद्यात तर अनावश्यक खर्च टाळण्याचं भान ठेवणं हे अध्यक्षाचं कर्तव्यच आहे, कलम १७. आपल्या कायद्यात असं कलम नाही, ते यायलाच हवं.

लातूरकर : आणि आपला ‘पेशी’ शब्द सोडू नका. फारसीत ‘पेश’ म्हणजे समोर. तारीख नुसती पडते. पेशी म्हणजे माणूस प्रत्यक्ष समोर उभा राहिला. आयोगाच्या मासिक तक्त्यात दोन रकाने ठेवा : पडलेल्या तारखा आणि झालेल्या पेश्या.