स्कायरिम पुन्हा खेळताना फाल्मर आणि ड्वेमरांचा इतिहास कोणत्या क्रमाने पाहावा?

कातळवाट

स्कायरिम या व्हिडिओ गेमची मुख्य कथा आणि गिल्डच्या क्वेस्ट (संघांनी दिलेली कामं) आधीच पूर्ण झाल्या आहेत. आता नवीन कॅरेक्टर घेऊन एकच धागा शेवटपर्यंत धरायचा आहे: हिम-एल्फांचे आंधळे फाल्मर कसे झाले आणि जमिनीखाली शहरं बांधणारे ड्वेमर एल्फ कुठे गेले. पहिल्या वेळी सगळं लक्ष मार्करवर असतं, त्यामुळे डायऱ्या आणि पुस्तकं पिशवीत पडून राहतात.

स्पेशल एडिशन, डॉनगार्ड आणि ड्रॅगनबॉर्न या जोड-भागांसकट, एकही मॉड (चाहत्यांनी केलेला बदल) नाही. सुरुवात कुठून करावी? ब्लॅकरीच या जमिनीखालच्या प्रचंड गुहेत केव्हा उतरावं? आणि चुकून कायमचं हातचं जाईल असं वाटेत काही आहे का?

---

भुयारी

आधी सेटिंग. जर्नलमध्ये जाऊन सगळ्या क्वेस्टवरची खूण काढा. क्वेस्ट चालूच राहते, फक्त होकायंत्रावरचा बाण जातो. एचयूडीची, म्हणजे पडद्यावरच्या खुणा-पट्ट्यांची, ऑपॅसिटीही कमी करा. बाण दिसत असला की माणूस दारापासून थेट शेवटच्या पेटीकडे धावतो, आणि या गेममधला इतिहास नेमका त्या दोन टोकांच्या मध्ये सांडलेला आहे.

सुरुवात विंटरहोल्डच्या कॉलेजमधून करा. तिथल्या ग्रंथालयात उराग ग्रो-शुब आहे. त्याला एल्डर स्क्रोल या प्राचीन जादुई गुंडाळीबद्दल विचारलं की तो सेप्टिमस सिग्नसचं नाव सांगतो. सेप्टिमस कॉलेजच्या उत्तरेला, समुद्रातल्या बर्फात राहतो. त्याच्याकडून दोन वस्तू मिळतात: अट्यूनमेंट स्फिअर (ड्वेमर दाराची किल्ली) आणि कोरा लेक्सिकन (ज्यावर ज्ञान कोरता येतं असा ड्वेमर घन). स्फिअर नसेल तर अल्फ्टँड, म्झिंचालेफ्ट, राल्डब्थार या तिन्ही अवशेषांच्या तळाशी असलेलं ब्लॅकरीचचं दार उघडत नाही. स्फिअर न घेता तळापर्यंत लढत गेलात तर सगळी चाल वाया जाते.

तिघांपैकी अल्फ्टँडच निवडा, कारण तिथे वाचायला सगळ्यात जास्त आहे. विंटरहोल्डच्या नैर्ऋत्येला बर्फाच्या घळीत लाकडी फळ्यांची वाट आहे, तिथून आत शिरायचं. सुल्ला ट्रेबाटियस नावाच्या माणसाने आणलेल्या मोहिमेचं इथे काय झालं ते क्रमाने सापडत जातं. आधी बाहेरच्या मोडक्या खोपटातली टिपणं, मग ज'झार आणि ज'दार या खाजीत भावांचं स्कूमापायी झालेलं वाटोळं, पुढे एंड्रास्टची डायरी. फाल्मरांनी पकडलेल्यांचं काय केलं हे कुणी तोंडाने सांगत नाही. व्हाली कुठे आणि कशा अवस्थेत पडली आहे ते पाहिलं की कळतं. शेवटी कॅथेड्रलमध्ये सुल्ला आणि उमाना एकमेकांवर तलवार उपसून उभे असतात. दबकत गेलात तर त्यांचं भांडण ऐकू येतं. धावत गेलात तर दोघंही तुमच्यावर येतात आणि ते बोलणं ऐकायचं राहून जातं.

ब्लॅकरीचमध्ये उतरल्यावर ही कामं तिथेच करा:

सिंडेरियनची प्रयोगशाळा जवळच आहे. त्याच्या सांगाड्यापाशी टिपण आहे आणि तिथूनच लाल निर्नरूट या वनस्पतीची क्वेस्ट सुरू होते. ३० मुळं लागतात, ब्लॅकरीचमध्ये त्यापेक्षा जास्त आहेत. नजरेने शोधू नका, कानाने शोधा. मूळ जवळ आलं की किणकिण वाढते. मुळं रिफ्टनजवळच्या सारेथी फार्मवर अव्रुसाला द्यायची.

सायलेंट सिटीवर लटकणाऱ्या केशरी गोळ्यावर अनरिलेंटिंग फोर्स हा शाउट (आवाजाचा मंत्र) टाकला की व्हुल्थुर्योल नावाचा ड्रॅगन येतो. तो जमिनीखाली का आहे याचं उत्तर गेम देत नाही, तरी पाहण्यासारखं आहे.

म्झार्कच्या मनोऱ्यात कोरा लेक्सिकन खाचेत ठेवून बटणं दाबायची. फक्त उजळलेलं बटण चालतं. पुढचं बटण उजळेपर्यंत तेच दाबत राहायचं. एल्डर स्क्रोल हातात आला की लोक आनंदात निघून जातात आणि कोरलेला लेक्सिकन खाचेतच राहतो. तो उचलून घ्या, नाहीतर सेप्टिमसचं काम अडतं आणि परत एवढं खाली यावं लागतं.

तिन्ही मोठ्या लिफ्ट आतून एकेकदा चालवून ठेवा. नंतर वरून थेट उतरता येतं.

---

शिलालेख

भुयारी यांच्या क्रमात एक भर घालतो. सेप्टिमसचा दुसरा भाग १५ व्या लेव्हलनंतर येतो. त्यात पाच एल्फ जमातींचं रक्त गोळा करायचं असतं: आल्टमर, बॉस्मर, डनमर, ऑर्सिमर (ऑर्क) आणि फाल्मर. ड्वेमरांनी बंद केलेलं कुलूप ड्वेमर रक्तानेच उघडतं, आणि ते आता उरलेलं नाही, म्हणून नातलगांच्या रक्ताचं मिश्रण. म्हणजे फाल्मर हे अजूनही एल्फच, हा पुरावा क्वेस्टच्या यंत्रणेतच आहे. आता याच्या उलट बाजूचा पुरावा पाहा. माणूस, एल्फ, ऑर्क यांचे आत्मे काळ्या सोल जेममध्येच (आत्मा साठवणाऱ्या रत्नात) मावतात. फाल्मर मारताना सोल ट्रॅप हा मंत्र लावा, त्याचा आत्मा साध्या जेममध्ये जातो, जनावरांसारखा. रक्त एल्फाचं राहिलं आणि आत्म्याची जात बदलली. हे दोन्ही एकाच खेळात स्वतः करून बघण्यासारखं आहे, त्यासाठी रिकामे साधे जेम खिशात ठेवा.

दुसरी महत्त्वाची जागा मार्कार्थ. कॅल्सेल्मोने लिहिलेले ड्वेमरांवरचे तीन खंड आधी वाचा, मग अंडरस्टोन कीपमध्ये त्याला भेटा. निम्हे नावाची कोळीण मारण्याचं काम घेतलं की न्चुआंड-झेलच्या उत्खननाची वाट मिळते आणि काम झाल्यावर संग्रहालयाची किल्ली. बहुतेक जण कोळीण मारून मागे फिरतात. पुढे जा. तिथे हरवलेल्या मोहिमेतले लोक कुठे कुठे पडले ते टिपणांवरून जोडत जायचं आहे.

कॅल्सेल्मोकडे असलेला जुन्या फाल्मर भाषेतला शिलालेख मात्र थीव्ह्ज गिल्डमधून गेल्याशिवाय उपयोगाचा नाही. ‘हार्ड आन्सर्स’ या क्वेस्टमध्ये कोळसा आणि कागदाची गुंडाळी घेऊन ठसा काढायचा असतो. म्हणजे या कॅरेक्टरला गिल्डची कथा तिथवर न्यावी लागेल. गेम शिलालेखाचा अर्थ दाखवत नाही. चाहत्यांनी लावलेल्या अर्थानुसार तो ड्वेमरांनी आश्रितांना उद्देशून लिहिला आहे: आम्ही तुम्हाला आसरा दिला, बदल्यात दगडांचं हे फळ खा, डोळ्यांपुढे अंधार आला तर घाबरू नका. एवढं निर्दय बोलणं इतक्या मायेच्या सुरात या गेममध्ये दुसरं सापडणार नाही.

---

कातळवाट

हे फार उपयोगी पडलं. डॉनगार्डमधल्या गेलेबोर या उरलेल्या हिम-एल्फाला आधी भेटलं तर चालेल का? जिवंत साक्षीदार तोच आहे, म्हणून त्याचं आधी ऐकून मग अवशेष बघावेत असं वाटतंय.

---

शिलालेख

चालणार नाही, आणि चाललं असतं तरी करू नये. ‘टचिंग द स्काय’ सुरू झाल्याशिवाय गेलेबोर डार्कफॉल केव्हमध्ये भेटत नाही. तिथपर्यंत पोचायला म्झार्कमधला एल्डर स्क्रोलही लागतो, म्हणजे ब्लॅकरीच आधी येतंच. मुख्य कथेतून तो स्क्रोल मिळवला असेल तर डॉनगार्डचं काम संपेपर्यंत उरागला विकू नका.

शिवाय गेलेबोर भेटला की सरळ उत्तर देतो: ड्वेमरांनी संरक्षणाच्या बदल्यात विषारी बुरशी खायला लावली, तिने दृष्टी गेली. तो त्यांना फाल्मर म्हणत नाही, ‘विश्वासघात झालेले’ म्हणतो. एवढं सुरुवातीलाच कळलं तर शिलालेख, डायऱ्या, व्हालीचा देह, सगळं नुसता दुजोरा होऊन बसतं. उलट क्रमाने गेलात तर त्याच्यासमोर उभं राहताना तुमच्याकडे स्वतःचे प्रश्न असतात. क्वेस्ट संपल्यावर त्याच्याशी पुन्हा बोला. त्यांची बुद्धी हळूहळू परत येते आहे असं त्याला वाटतं, हे तो विचारल्यावरच सांगतो.

फॉरगॉटन व्हेल या दरीच्या आणि डार्कफॉल पॅसेजच्या भागात न वाचता येणारी चार पुस्तकं आहेत. ती कॅल्सेल्मोकडून वाचून घ्यायची. व्हेलमध्ये सहसा परत जाणं होत नाही, म्हणून पहिल्याच फेरीत चारही घ्या.

---

पितळीचक्र

दोघांनी फाल्मरांची बाजू नीट सांगितली, पण ड्वेमरांची अर्धीच राहिली आहे. डॉनगार्डमध्येच ‘लॉस्ट टू द एजेस’ आहे. ‘द एथेरियम वॉर्स’ हे पुस्तक वाचलं किंवा आर्क्नथाम्झमध्ये पाऊल ठेवलं की ती सुरू होते. पुस्तक वाचूनच जा. त्यावर टारोन ड्रेथचं नाव आहे. आर्क्नथाम्झमध्ये भेटणारी कॅट्रिया आता भूत म्हणून उरली आहे, आणि ते संशोधन मुळात तिचं, ड्रेथ तिचा शिकाऊ होता. पुस्तक आधी वाचलेलं असेल तरच तिच्या तोंडून हे ऐकताना धक्का बसतो.

धनुष्य किंवा लांबून मारता येणारा मंत्र हवाच, कारण तिथल्या कुलपाचे पाच रेझोनेटर लांबूनच मारावे लागतात. क्रम ठरलेला असतो. चुकला की सापळे सुटतात. झेफिर धनुष्य वाटेत आडव्या पडलेल्या झाडाच्या खोडावर आहे, खाली पाहून चाललात तर निसटतं.

एथेरियम या ड्वेमरांच्या स्फटिकाचे चार तुकडे: आर्क्नथाम्झ, राल्डब्थारचं डीप मार्केट, म्झुल्फ्टचं कोठार आणि डीप फोक क्रॉसिंग. म्झुल्फ्टसाठी मोठ्या अवशेषात शिरायची गरज नाही, कोठार बाहेर वेगळं आहे. राल्डब्थारमध्ये पूल खाली येईना झाला तर यंत्र बिघडलेलं नाही, चार ठिकाणी चक्रांच्या दातांमध्ये काहीतरी अडकलेलं असतं, ते काढा. मग ब्थाल्फ्टचे अवशेष. तिथे भट्टीवर तीनपैकी एकच वस्तू घडवता येते: मुकुट, ढाल किंवा काठी. भट्टीला हात लावण्याआधी वेगळा सेव्ह करून ठेवा. फोर्जमास्टर आग ओकतो आणि भोवती लाव्हा आहे, तेव्हा आगीपासून बचावाचं औषध प्यायल्याशिवाय खाली उतरू नका.

आता ‘ड्वेमर कुठे गेले’ याबद्दल. पहिल्या युगाच्या ७०० साली रेड माउंटनच्या लढाईत सगळी जमात एका क्षणात नाहीशी झाली. त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी क्वेस्ट अवशेषांत नाही, कॉलेजमध्ये आहे. आर्नियल गेन नावाचा अभ्यासक ज्या प्रयोगाने ते नाहीसे झाले असं मानतो, तो पुन्हा करू पाहतो. त्याला आधी १० ड्वेमर कॉग लागतात. गायरो, लिव्हर, गिअर चालत नाहीत, नेमके कॉगच. ते जड असतात, म्हणून अल्फ्टँडमधून वर येतानाच उचला, बाकी पितळ नंतर. पुढचे भाग कॉलेजची मुख्य कथा सरकली तरच उघडतात. तो गप्प बसला असेल तर बग समजू नका, आधी कॉलेजचं पुढचं काम करा. तिसऱ्या भागात सोल जेम ड्वेमर कन्व्हेक्टरमध्ये ठेवून आर्नियलने दिलेल्या मंत्राने तापवायचा असतो, असं तीनदा.

शेवटच्या भागात कीनिंग खंजीर त्याच्या हातात दिलात की खोलीतून बाहेर पडू नका. पुढचं सगळं तुमच्या समोर आणि काही क्षणांतच होतं. कीनिंग जमिनीवर पडतं, ते उचलून घ्या. मंत्रांची यादीही उघडून बघा, तिथे आर्नियलच्या छायेला बोलावण्याचा नवा मंत्र आलेला असतो.