मदत हवी आहे : गणपतीत लहान मुलांना तात्या विंचू दाखवावा का?

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत गणपतीत एका रात्री गच्चीवर पडदा लावून जुना मराठी सिनेमा दाखवायचा ठरलाय. निवड माझ्याकडे आहे आणि मला मनापासून ‘झपाटलेला’ (१९९३) दाखवायचाय. तात्या विंचूइतका हसवणारा आणि त्याच वेळी झोप उडवणारा खलनायक आपल्याकडे दुसरा झालाच नाही, हे माझं ठाम मत. रामदास पाध्यांचा तो बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि समोर भेदरलेला लक्ष्या! पण प्रेक्षकांत पाच-सहा वर्षांची पोरंही असणार. माझ्या धाकट्या बहिणीने तेव्हा घरातल्या सगळ्या बाहुल्या ट्रंकेत कोंडल्या होत्या, आठवडाभर.

दुसरा पर्याय ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८). पुण्यात डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून दोघांनी बायका व्हायचं, हे भाड्याचं घर शोधलेल्या कुणालाही पटतं. फक्त तो सगळ्यांना तोंडपाठ. पडद्याआधी गच्चीच बोलेल.

तुमच्या मुलांनी तात्या कितव्या वर्षी पाहिला? घाबरली का? आणि अशा खेळासाठी रीतसर परवानगी कुणी घेतली असेल, तर कुणाकडे अर्ज केला तेही कृपया सांगा.