घर विकायचं राहिलं आणि विमानाची तारीख आली: तुमचं काय झालं?

अर्धविराम
काल घरं विकणाऱ्या एका साइटची मेल आली, 'तुम्हाला आवडतील अशी घरं'. उघडली तर पहिल्याच फोटोत आमचा कोथरूडचा हॉल! फरश्या त्याच, गॅलरीच्या गजाला मी बांधलेली निळी नायलॉनची दोरीसुद्धा तशीच लोंबतेय. आमच्याकडून घेतलेला माणूस आता विकतोय. किंमत वाचून नवऱ्याने फोन पालथा घातला आणि दात घासायला गेला. मला कसली झोप येतेय.

आम्ही मे २०२३ मध्ये मेलबर्नला आलो. फ्लॅट त्याआधीच्या दिवाळीपासून बाजारात होता. बघायला माणसं यायची, पण हे लोक देश सोडून चाललेत हे एकदा कळलं की समोरच्याला अजिबात घाई नसते. त्यात आमच्या एजंटने जाहिरातीत 'मालक परदेशी जात असल्याने त्वरित विक्री' असं ठोकून दिलं. झालं! सगळे मे उजाडायची वाट बघत बसले. "ताई, तुम्ही जायच्या आदल्या दिवशी बोलू," असं एकाने तोंडावर सांगितलं. निदान प्रामाणिक होता.

शेवटी किल्ल्या नणंदेकडे दिल्या आणि निघालो. तिकडे हप्ता चालू, इकडे महिन्याभराचं भाडं बाँड (डिपॉझिट) म्हणून, वर आगाऊ भाडं, दोन मुलांचे गणवेश, पगार एकच. रात्री दोघं एक्सेल उघडून बसायचो आणि काहीही न बदलता बंद करायचो.

नणंद व्हिडिओ कॉलवर घर दाखवायची. फोन तिच्या हातात पण लक्ष पाहुण्यांकडे, त्यामुळे आम्हाला बहुतेक वेळ पंखाच दिसायचा. एका गृहस्थांनी बायकोला खाली गाडीत बसवून हॉर्न वाजवायला सांगितलं आणि स्वतः बेडरूमचं दार लावून ऐकत उभे राहिले. आम्ही सगळे, दोन देशांत, तो हॉर्न ऐकत होतो. घर घेतलं त्यांनीच.

पण मेमध्ये निघाल्यामुळे त्या आर्थिक वर्षात आम्ही अनिवासी ठरलो होतो. म्हणजे खरेदीदाराने निवासी विक्रेत्यासारखा १ टक्का नाही, तेव्हाच्या दराने २० टक्के, त्यावर सरचार्ज आणि सेस, आमच्या रकमेला मिळून २२.८८ टक्के टीडीएस कापायचा. कमी कपातीचं प्रमाणपत्र नसेल तर तो नफ्यावर नाही, अख्ख्या रकमेवर, असं सीए म्हणाले. त्यासाठी खरेदीदाराला टॅन नंबर (कर कापून भरणाऱ्याचा वेगळा नंबर) काढावा लागायचा. आधीची दोन गिऱ्हाइकं हे ऐकूनच पळाली होती. हॉर्नवाले मात्र टिकले. फॉर्म १३ भरून प्रमाणपत्र हातात येईपर्यंत थांबले. भला माणूस. (आता नफा कमावतोय, कमावू दे.)

तुमचं सांगा. घर विकायच्या आधी निघालेले, निघालेल्यांच्या किल्ल्या सांभाळणारे, सगळेच.

घारू
मे?? ताई, मे कशाला निवडलात

अर्धविराम
मी कुठे निवडला, व्हिसाने निवडला. पहिली एंट्री अमुक तारखेच्या आत करा म्हणून पत्रात लिहिलेलं असतं.

घारू
ओह, मग इलाज नाही. पण ज्यांच्या हातात तारीख आहे त्यांनी हे वाचा. नोकरीसाठी बाहेर जाणारा माणूस त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलेला असेल तर ते पूर्ण वर्ष तो निवासीच. आम्ही डिसेंबर २०२४ ला डसेलडॉर्फला आलो, व्यवहार फेब्रुवारीत केला. खरेदीदाराने नेहमीचा १ टक्का कापला, विषय संपला. सहीला मी एकटाच आलो, थंडीतून तेवढीच सुटका.

आणि दुसरं. २३ जुलै २०२४ पासून घराच्या लाँग टर्म नफ्यावर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) नाही. त्याआधी घेतलेलं घर असेल तर जुना २० टक्के इंडेक्सेशनसह हा पर्याय आहे, पण फक्त निवासींना. आमचं २००९ चं होतं म्हणून दोन्ही गणितं मांडून स्वस्त ते घेतलं. एप्रिल उजाडला असता तर हा पर्याय गेला असता. सीएला फी दिली ती वसूल.

काकाश्री
मी दुसऱ्या बाजूचा. धाकटा भाऊ सहकुटुंब टोरांटोला गेला, ठाण्याचा फ्लॅट माझ्या ताब्यात. बायको मला किल्लेदार म्हणते. दर रविवारी जाऊन नळ सोडायचे, फ्लश ओढायचे (ट्रॅप सुकला की वास येतो, हे कुणी सांगत नाही), पत्रं उचलायची, सोसायटीच्या सेक्रेटरीला तोंड चुकवून परत यायचं. सेक्रेटरी भावाचा राग माझ्यावर काढतो. "तुमच्या बंधूंनी लिफ्टचं कॉन्ट्रिब्यूशन दिलं नाही." अहो, बंधू उणे वीसमध्ये बर्फ उपसतोय, जरा दम धरा.

गिऱ्हाईक आलं की भाऊ तिकडून रात्री दोनला जागा राहून विचारणार, "काय म्हणाले?" काय म्हणणार? बघून कळवतो म्हणाले. हे वाक्य मी एवढ्या वेळा कळवलंय की आता नुसतं 'ब.क.' लिहितो.

खरा वैताग कबुतरांचा. बंद घराची गॅलरी म्हणजे त्यांचं प्रसूतिगृह. एकदा घर दाखवायला गेलो तर कुंडीत अंडी. बाई म्हणाल्या, "अय्या, किती गोड", साहेबांना लगेच शिंका सुरू झाल्या. सौदा तिथेच मोडला.

शेजारीण
काका जाळी बसवा ना. आमच्याकडे नायलॉनची बसवली, चार वर्षं झाली, एक पीस आत नाही.

काकाश्री
भाऊ म्हणतो विकायच्या घरावर खर्च कशाला.

शेजारीण
विकलं जात नाहीये ते कशामुळे मग

काकाश्री
हे वाक्य त्याला जसंच्या तसं पाठवतोय.

मुक्ता
कॅनडाचं निघालं म्हणून. एक्स्प्रेस एंट्रीमध्ये (कायमच्या वास्तव्याचा तिथला अर्ज) सेटलमेंट फंड, म्हणजे तिथे जम बसेपर्यंतचे पैसे, दाखवावे लागतात आणि त्यात घराची किंमत धरत नाहीत. कोट्यवधीचं घर असो, बँकेत मोकळे पैसे नसतील तर उपयोग शून्य. आम्ही घर विकून फंड दाखवू या भरवशावर होतो. मग एफडी, नवऱ्याचा पीएफ असं जमवून आकडा गाठला. सासऱ्यांनी त्यांचं पासबुक आणून समोर ठेवलं. ते वापरायची वेळ आली नाही, पण ते पासबुक मी विसरणार नाही.

अजून एक. घर विकायच्या आधी पोचलात तर तिथले करनिवासी झाल्याच्या तारखेचा व्हॅल्युएशन रिपोर्ट काढून ठेवा, रजिस्टर्ड व्हॅल्युअरकडून. कॅनडा त्या दिवशीच्या बाजारभावाने तुम्ही घर घेतलंत असं मानतो, पुढे वाढलेला नफा तेवढाच त्यांचा.

अर्धविराम
मुक्ता +१. ऑस्ट्रेलियात पीआरवर (कायमच्या वास्तव्याच्या व्हिसावर) आलेल्यांनाही तसंच.

दोन_खुर्च्या
आम्ही उलटं केलं. नवरा पुढे गेला, मी दोन मुलांना घेऊन घर विकेपर्यंत मागे. वाटलं होतं, उन्हाळ्यात उरकेल. मोठा नववीत गेला आणि आम्ही तिथेच.

सामान आधीच देऊन टाकलेलं. सोफा गेला, पलंग गेले, डायनिंग टेबल गेलं, खुर्च्या तेवढ्या दोन राहिल्या (आयडी तिथून). मुलं आणि मी जमिनीवर गाद्या टाकून. रविवारी सकाळी बेल वाजली की मुलं न सांगता गाद्या गुंडाळायची, धाकटी दोरीवरचे कपडे काढून बाथरूममध्ये कोंबायची, आणि मी केसांतून हात फिरवून दार उघडायची. रिकामं घर मोठं दिसतं म्हणतात. आमच्याकडे येणाऱ्यांना ते अडचणीतलं दिसायचं. भाव तिथूनच पडायला लागायचे.

आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, "साहेब कुठे आहेत? फायनल कोण करणार?" फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर. माझ्या पगारातून हप्ते फेडलेले. पहिल्यांदा राग यायचा, नंतर मजा यायला लागली. "साहेबांना विचारून सांगते" म्हणून आत जायचे, पाणी प्यायचे, बाहेर येऊन आकडा दोन लाखांनी वाढवायचे. "साहेब नाही म्हणतायत." खरंच चाललं हे! ज्यांनी घेतलं त्यांनी सब-रजिस्ट्रारकडे अंगठा द्यायच्या वेळी पाहिलं, विक्रेत्याच्या रकान्यात माझं एकटीचं नाव. काही बोलले नाहीत. अंगठ्याची शाई पुसायला रुमाल पुढे केला.

मुलांचा बाप आणि मुलं इतके महिने लांब राहिली त्याची भरपाई कुठल्या भावात नाही. घर राहू दे, एकत्र निघा, असं मी कुणालाही सांगेन.

घारू
साहेब नाही म्हणतायत. हे फ्रेम करून लावा कुणीतरी

टेकडी
दोन_खुर्च्या, तुला मिठी. मोठ्याची दहावी कुठे झाली मग?

दोन_खुर्च्या
तिकडेच, तिकडचा बोर्ड. आधी रडला, आता आम्हालाच उच्चार शिकवतो.

उशिरा_आलेला
पॉवर ऑफ ॲटर्नीबद्दल कुणीच बोललं नाही? आम्हाला ती जवळच्या मित्राला द्यायची होती, नातेवाइकांत कटकट नको म्हणून. वकील हसले. महाराष्ट्रात घर विकायचे अधिकार मोबदला न घेता आईवडील, भाऊ, बहीण, नवरा-बायको, मुलं अशा जवळच्या नात्यात दिले तर ५०० रुपये मुद्रांक. मित्राला दिले तर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क! मित्र म्हणाला, "आपली मैत्री एवढी महाग नाही." बहिणीला दिली.

परदेशात बसून करत असाल तर वकिलातीत साक्षांकित करा किंवा नोटरी आणि अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथला सरकारी शिक्का). कॅनडावाल्यांना अपोस्टिल जानेवारी २०२४ पासून मिळतं. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्यायचा. बहिणीने कागद मिळाल्या मिळाल्या देवघरात ठेवला होता, सुरक्षित म्हणून. तारीख संपत आली तेव्हा भाच्याने आठवण करून दिली.

निघायच्या आधी इथेच रजिस्टर करून गेलात तर हे सगळं वाचतं.

पत्ता_बदलला
आम्ही विकलंच नाही. भाव पडतोय म्हणून भाड्याने दिलं, "दोन वर्षांनी बघू". ती दोन वर्षं अजून चालू आहेत. कुणी या वाटेने जाणार असेल तर ऐका: मालक अनिवासी असला की भाडेकरूने भाड्यातून ३० टक्के टीडीएस अधिक सेस कापायचा असतो. हे ऐकून चांगले भाडेकरू दुसरं घर बघतात. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणून आकार) लावते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आमच्याकडे जास्त मागत होते, नियम दाखवल्यावर गप्प. पुण्यात मिळकतकरातली स्वतः राहण्याची ४० टक्के सवलत जाते. सगळं वजा जाता हातात येतं त्यात हप्ता निघत नाही. पण मुलगी म्हणते, आपलं घर आहे ना अजून. काय करता.

टेकडी
विकू नका मग

पत्ता_बदलला
टेकडी, हप्ता तुम्ही भरता का :)

जेटलॅग
अमेरिकावाल्यांसाठी घाईत. विक्रीआधीच्या पाच वर्षांत एकूण दोन वर्षं स्वतःच्या मालकीच्या घरात राहिलेले असाल तर एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा तिकडे करमुक्त, घर भारतात असलं तरी. म्हणजे निघाल्यापासून साधारण तीन वर्षं हातात. 'पुढच्या वर्षी भाव येईल' करत बसू नका. भारतातला कर वेगळा, तो भरायचाच. पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातल्या कमाईचं खातं) येतात, तिथून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, आयकराचा फॉर्म आणि सीएचं प्रमाणपत्र देऊन. बाळ उठलं, पळते.

टेकडी
दहा लाख डॉलरची मर्यादा ऐकून मला माझ्या वन बीएचकेची दया आली

शेजारीण
काका, भावाचं उत्तर आलं का?

काकाश्री
आलं. 'ब.क.'

घारू
हाहाहा

अर्धविराम
काका, जाळीवाल्याचा खर्च भावाच्या नावावर मांडून ठेवा, नणंदेने आमच्या नावावर वॉचमनची दिवाळीसुद्धा मांडली होती. विक्रीनंतर हिशोबाची वही आली, त्यात 'हॉर्नवाल्यांना चहा' असंही लिहिलेलं.

काकाश्री
उद्या मापं घेतो. गॅलरीच्या बाहेरून लावायची तर सोसायटीची परवानगी लागेल का?

शेजारीण
लागते. आमचा सेक्रेटरी आधी रंग विचारतो.

काकाश्री
मग आतून लावतो. त्याच्याशी लिफ्टवरून बोलणं बंद आहे.