पीजीच्या विषयांची ऑनलाइन नोंदणी: विषय कार्टमध्ये आहेत, पण पुढे जात नाहीत

सत्रारंभ

पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं पहिलं सत्र आहे. विषयनोंदणी पूर्णपणे ऑनलाइन आहे आणि पोर्टल पीपलसॉफ्ट या विद्यापीठांच्या सॉफ्टवेअरवर चालतं. माझी नोंदणीची वेळ तीन दिवसांनी सकाळी ८ला उघडेल. पूर्णवेळ विद्यार्थी ठरायला ९ क्रेडिट लागतात. कार्टची आजची स्थिती अशी आहे:

विषय अ: ३ क्रेडिट, जागा आहेत.
विषय ब: ३ क्रेडिट. 'व्हॅलिडेट' (नोंदणीआधीची तपासणी) केल्यावर 'पूर्वअट पूर्ण नाही' असा लाल शेरा येतो. पूर्वअटीचा तो विषय मी पदवीला दुसऱ्या विद्यापीठात केला आहे. प्राध्यापकांनी ईमेलने सहा आकडी परमिशन नंबर पाठवलाय.
विषय क: ३ क्रेडिट. भरलेला आहे, वेटलिस्टवर (प्रतीक्षायादीवर) ७ जण आहेत. मला खरं तर अ-च्या ऐवजी हाच हवाय, पण सोमवारी दोन्हींच्या वेळा १५ मिनिटं एकमेकांवर येतात.
संशोधन: गाईडनी ३ क्रेडिट घ्यायला सांगितलंय, कार्टमध्ये १ दिसतं.

परमिशन नंबर मिळाला म्हणजे ब-ची जागा पक्की झाली का? क-च्या वेटलिस्टवर नाव घातलं तर अ ठेवता येईल का? आणि त्या दिवशी ८ वाजता नेमकं कोणत्या क्रमाने काय करावं?

---

नोंदणीखिडकी

आधी होल्ड, म्हणजे नोंदणी अडवणारी नोंद आहे का ते बघा, बाकीचं नंतर. मुख्य पानावर होल्डची वेगळी चौकट असते. त्यात एक जरी ओळ असेल तरी कार्ट कितीही नीट असो, ८ वाजता एकही विषय चढणार नाही. पहिल्या सत्रात साधारण चार प्रकारचे होल्ड दिसतात: मूळ पदवीची अंतिम गुणपत्रिका पोचलेली नाही, लसीकरणाची कागदपत्रं नाहीत, काही रक्कम बाकी आहे, किंवा सल्लागाराची भेट झालेली नाही. होल्डच्या नावावर क्लिक केलं की तो कोणत्या कार्यालयाने लावलाय ते कळतं. ज्याने लावला तोच काढू शकतो, त्यामुळे पैशांच्या होल्डसाठी नोंदणी विभागाला ईमेल करण्यात दिवस घालवू नका. पैसे भरल्यावर ते खात्यात जमा दिसायला एखादा कामकाजाचा दिवस जाऊ शकतो. तुमच्या हातात तीनच दिवस आहेत, म्हणून हे आजच बघा.

आता ब. परमिशन नंबर म्हणजे दाराची किल्ली. दार उघडून आत जाण्याचं काम तुमचंच. नंबर मिळाल्याने नोंदणी होत नाही. कार्टमध्ये विषयाच्या नावावर क्लिक करा, त्या विषयाची निवड-पानं उघडतील, तिथे 'परमिशन नंबर' असा रिकामा रकाना असतो. त्यात नंबर टाका, सेव्ह करा आणि पुन्हा व्हॅलिडेट करा. काही ठिकाणी कार्टमधला विषय सुधारता येत नाही. मग तो काढून परत घालायचा आणि घालतानाच नंबर द्यायचा.

या नंबरबद्दल तीन गोष्टी पक्क्या समजून घ्या. एक, तो त्या सत्रातल्या त्या एकाच सेक्शनचा (विषयाच्या एका तुकडीचा) असतो. ००१ सेक्शनचा नंबर ००२ला चालत नाही. दोन, तो एकदाच वापरता येतो. विषय चढवून नंतर काढलात आणि पुन्हा घ्यावासा वाटला, तर नवा नंबर मागावा लागतो. तीन, त्याला मुदत असू शकते. आणि नंबर नक्की कशासाठी दिलाय ते विभाग ठरवतो: फक्त पूर्वअटीसाठी, फक्त संमतीसाठी, की वर्ग भरलेला असला तरी प्रवेश मिळावा म्हणून. वेळांची टक्कर, होल्ड आणि क्रेडिटची कमाल मर्यादा यांवर तो चालत नाही. म्हणून प्राध्यापकांना उत्तर देताना एका ओळीत विचारून घ्या: 'हा नंबर पूर्वअटीसाठी आहे ना, आणि वर्ग भरला तर चालेल का?' ब अजून भरलेला नसला, तरी ८ वाजेपर्यंत भरू शकतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर ब सर्वांत आधी चढवा.

पूर्वअटीचा शेरा का आला तेही सांगतो, कारण पीजीला हे सर्रास होतं. प्रणाली फक्त स्वतःच्या नोंदीतले विषय तपासते. दुसऱ्या विद्यापीठात तुम्ही तोच विषय उत्तम गुणांनी केला असला, तरी तो तिच्या लेखी अस्तित्वातच नाही. यात तुमच्या पात्रतेचा प्रश्न नाही. असा शेरा दुसऱ्या कुठल्या विषयाला आला तर विभागाच्या समन्वयकांना एकाच ईमेलमध्ये विद्यार्थी क्रमांक, सत्र, विषयाचा कोड, सेक्शनचा वर्ग क्रमांक, जुनी गुणपत्रिका आणि त्या विषयाचा अभ्यासक्रम पाठवा. वर्ग क्रमांक बहुतेक लोक विसरतात आणि मग ईमेलची ये-जा दोन दिवस वाढते. विषयाचा कोड दर सत्राला तोच राहतो, वर्ग क्रमांक मात्र प्रत्येक सत्रात प्रत्येक सेक्शनला वेगळा असतो.

---

तिसरा_बाक

वेटलिस्टबद्दल लिहितो. तुमच्या प्रश्नातली खरी अडचण तिथेच दडलेली आहे.

क-मध्ये जागा झाली की प्रणाली यादीतल्या पहिल्या माणसाला चढवायला जाते आणि त्या क्षणी सगळ्या तपासण्या नव्याने करते. वेळ आदळत असेल, क्रेडिटची मर्यादा ओलांडत असेल, किंवा त्याच विषयाचा दुसरा सेक्शन आधीच घेतलेला असेल, तर ती त्याला तसंच ठेवून पुढच्याला घेते. तुम्ही अ-मध्ये आहात आणि क यादीत आहे, अशा स्थितीत तुम्ही पहिल्या क्रमांकावर आलात तरी जागा तुमच्या पुढून निघून जाईल. यादीत क्रमांक १ दिसतो आणि आठवडाभर हलत नाही, याचं नेहमीचं कारण हेच.

उपाय म्हणजे 'क मिळाला तरच अ काढ' असं प्रणालीला आधीच सांगून ठेवणं. पीपलसॉफ्टमध्ये ही सोय असते, पण ती विद्यार्थ्याच्या पानावर द्यायची की नाही हे विद्यापीठ ठरवतं. कुठे ती 'स्वॅप'च्या (एक विषय देऊन दुसरा घेण्याच्या) पानावर सापडते, कुठे वेटलिस्टची चौकट निवडल्यावर खाली उघडते, कुठे ती नोंदणी विभागाकडूनच लावून घ्यावी लागते. इथे एक धोका आहे. साध्या स्वॅपमध्ये नवा विषय मिळाला नाही तर जुना जागच्या जागी राहतो, आणि म्हणूनच 'आधी काढा, मग घाला' यापेक्षा स्वॅप केव्हाही चांगला. पण स्वॅप करताना 'भरला असेल तर वेटलिस्टवर घाल' ही चौकट निवडलेली असेल, तर काही विद्यापीठांच्या रचनेत जुना विषय लगेच निघतो आणि नव्यात तुम्ही नुसते रांगेत उभे राहता. म्हणून 'फिनिश' दाबण्याआधी त्या पानावरचं वाक्य शब्दशः वाचा. दाबल्यानंतर वेळापत्रकावर अ-पुढे 'एन्रोल्ड' आणि क-पुढे 'वेटलिस्टेड' असे दोन्ही शब्द दिसतात का ते बघा. अ दिसत नसेल तर जागा शिल्लक आहेत तोवर त्याच मिनिटाला परत घाला.

रांगेतली क्रेडिट पूर्णवेळच्या ९मध्ये धरत नाहीत. अ ३, ब ३, संशोधन ३ अशी तुमची बेरीज जुळते आणि अ-च्या जागी क आला तरी ९च राहते. हेच करा, अ सोडून क-ची वाट बघत बसू नका.

आणखी एक, क्रमांक ८ म्हणजे निराशाजनक असं नाही. पहिल्या आठवड्यात बरेच जण विषय बदलतात. वर्ग किती मोठा आहे ते बघा. १५ जणांच्या सेमिनारमध्ये आठवा क्रमांक अवघड, ८० जणांच्या वर्गात चांगला. यादी आपोआप सरकण्याची शेवटची तारीख शैक्षणिक दिनदर्शिकेत असते. ती उलटली की यादी थांबते आणि प्राध्यापकांच्या परवानगीशिवाय मार्ग उरत नाही.

(बॅनर ही प्रणाली वापरणाऱ्यांसाठी: तिथे बहुधा आपोआप चढवत नाहीत. जागा झाल्याचा ईमेल येतो आणि ठरावीक तासांत, पुष्कळ ठिकाणी २४, तुम्हीच जाऊन नोंदणी करायची असते. विद्यापीठाचा ईमेल दिवसातून दोनदा बघायची सवय लावा.)

---

प्रबंधाची_पानं

संशोधनाचं १ क्रेडिट नजरेआड करू नका. हे विषय बदलत्या क्रेडिटचे असतात, समजा १ ते ९, आणि प्रणाली सर्वांत लहान आकडा धरून ठेवते. कार्टमध्ये घालताना क्रेडिटच्या रकान्यात '१.००' लिहिलेली एक छोटी उघडणारी यादी असते. ती यादी आहे हे पटकन लक्षात येत नाही, कारण इतर विषयांना तिथे नुसता आकडा असतो. ती उघडून ३.०० निवडा. चढवल्यानंतर लक्षात आलं तर 'एडिट' किंवा 'अपडेट' मधून बदलता येतं, पण विषय घालण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंतच. तसंच राहिलं तर तुमची बेरीज ९ऐवजी ७ होते, म्हणजे कागदोपत्री तुम्ही अर्धवेळ. शिष्यवृत्ती, असिस्टंटशिप किंवा विद्यार्थी व्हिसा यांपैकी काही पूर्णवेळ असण्यावर अवलंबून असेल तर नुकसान तिथे होतं.

दुसरं, संशोधनाला बहुधा प्रत्येक गाईडचा वेगळा सेक्शन असतो. सेक्शनपुढे प्राध्यापकांचं नाव बघूनच घ्या. चुकीच्या सेक्शनमध्ये गेलात तर सत्राअखेरीस तुमचं नाव दुसऱ्याच्याच गुणयादीत येतं. नाव दिसत नसेल तर सेक्शन अजून उघडलेला नाही. तो विभाग कार्यालयाकडून उघडून घ्यावा लागतो आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी गाईडच्या सहीचा फॉर्म लागतो.

श्रेणीची पद्धतही त्याच पानावर असते: अक्षरश्रेणी, उत्तीर्ण-अनुत्तीर्ण, ऑडिट. ऑडिट म्हणजे नुसतं बसून ऐकणं. ती क्रेडिट पदवीत धरत नाहीत आणि पूर्णवेळेतही सहसा नाहीत.

---

सत्रारंभ

खूप आभार. होल्ड बघितले, अंतिम गुणपत्रिकेचा एक आहे. आज पाठवते. दोन शंका उरल्या. शोधात 'क' काल दिसतच नव्हता, थेट वर्ग क्रमांक टाकल्यावरच आला. असं का? आणि एका ऐच्छिक विषयात १२ जागा दिसतात, तरी 'जागा राखीव आहेत' म्हणून नाकारतो.

---

नोंदणीखिडकी

शोधाच्या पानावर 'फक्त जागा असलेले वर्ग' ही चौकट सुरुवातीपासूनच निवडलेली असते. ती काढली की भरलेले वर्गही दिसतील. 'करिअर' नावाचा रकानाही तपासा. तिथे पदवी असेल तर पीजीचे विषय गाळले जातात.

राखीव जागांचं असं आहे की वर्गाची एकूण क्षमता एका आकड्यात दिसते, पण त्यातल्या काही जागा ठरावीक विभागाच्या किंवा वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी बाजूला ठेवलेल्या असतात. त्या १२ तशा असणार. राखीव तपशील वर्गाच्या माहितीपानावर तळाशी असतो आणि बऱ्याचदा जागा खुल्या होण्याची तारीखही तिथेच मिळते. तोच वर्ग दोन विभागांच्या कोडखाली लावलेला असेल तर दुसऱ्या कोडखाली जागा मिळू शकते. फक्त त्या कोडची क्रेडिट तुमच्या पदवीत धरतात का, हे सल्लागारांना आधी विचारा.

गुणपत्रिकेबद्दल: तुम्ही स्वतः स्कॅन करून पाठवलेली प्रत सहसा चालत नाही. जुन्या विद्यापीठाकडून थेट किंवा सीलबंद पाकिटात यावी लागते. ती तीन दिवसांत पोचेलच असं नाही, म्हणून आजच प्रवेश कार्यालयाला 'गुणपत्रिका मागवली आहे, होल्ड तात्पुरता उठवता येईल का' असा ईमेल करा आणि मागणीची पावती जोडा. पहिल्या सत्रासाठी अशी सवलत अनेक ठिकाणी देतात.

आता ८ वाजताचा क्रम. ती वेळ विद्यापीठाच्या स्थानिक घड्याळाची असते. दुसऱ्या देशातून नोंदणी करत असाल तर तिथलं घड्याळ उन्हाळ्यासाठी पुढे केलेलं आहे का, हे धरून हिशेब करा. ७.५०ला लॉगिन करा, म्हणजे फोनवरच्या कोडची भानगड आधीच उरकेल. एकच टॅब उघडा. ब्राउझरचं 'मागे' बटण वापरू नका, पानावरचेच दुवे वापरा. दोन टॅबमध्ये एकाच वेळी काम केलं की एका टॅबमधली निवड दुसऱ्यात मिसळते आणि भलताच सेक्शन चढतो. ८ला सगळं एकदम पाठवू नका. आधी ब एकटा, मग अ आणि संशोधन, शेवटी क. वेळ एकदा उघडली की ती लगेच बंद होत नाही, त्यामुळे गर्दीने पान अडकलं तर सारखं रिफ्रेश करू नका. आधी वेळापत्रक उघडून बघा, पुष्कळदा विषय चढलेला असतो आणि फक्त उत्तर यायचं राहिलेलं असतं.

निकालाच्या पानावर प्रत्येक विषयापुढे हिरवी खूण किंवा लाल फुली येते. वर 'विनंती पूर्ण झाली' असं लिहिलेलं असलं तरी खाली एखादी फुली असू शकते, तेव्हा प्रत्येक ओळ वाचा. मग वेळापत्रकाची पीडीएफ काढून ठेवा.

---

तिसरा_बाक

तारखांबद्दल एक भर. विषय काढण्याच्या दोन तारखा असतात आणि त्यांची गल्लत होते. पहिल्या तारखेपर्यंत काढला तर गुणपत्रिकेवर काहीच राहत नाही. तिच्यानंतर काढला तर 'डब्ल्यू' (विषय मध्येच सोडल्याची खूण) लागतो. शुल्क परताव्याचं वेळापत्रक या दोन्हींहून वेगळं असतं. अर्ध्या सत्राचा, म्हणजे सात-आठ आठवड्यांचा विषय घेतलात तर त्याच्या तारखा आणखी वेगळ्या आणि फार लवकरच्या असतात. वर्गाच्या माहितीपानावर कॅलेंडरचं छोटं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की त्याच सेक्शनच्या तारखा येतात. आणि नोंदणीत एकच विषय उरलेला असेल तर तो पोर्टलवरून बहुतेक ठिकाणी काढता येत नाही. तिथे सत्र सोडण्याचा वेगळा अर्ज लागतो.