गेममधल्या पेटला (पाळीव जनावराला) खायला घालायची कटकट हवीच का?

सराफ्यातला_शिकारी:
मंडळी, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये हंटर घेतलाय, म्हणजे पाळीव जनावर घेऊन लढणारा शिकारी; माझा पेट वाघ आहे. काल रात्री डंजनमध्ये (ग्रुपने लढायच्या राक्षसांच्या अड्ड्यात) शिरलो आणि बघतो तर बॅगेत मांस संपलेलं, वाघाच्या मूडचा चेहरा लालभडक (म्हणजे नाखूश), त्याचं डॅमेज (माराची ताकद) ७५ टक्क्यांवर, ग्रुपवाले शिव्या देतायत आणि मी आपला बाहेर रानडुकरं मारत फिरतोय. हे जरा सोपं नको का करायला?

राजवाडेकर:
अरे भिया, केलं होतं की! २००४ला गेम आला तेव्हा लॉयल्टी (पेटची निष्ठा) पण होती, उपाशी ठेवलं तर पेट चक्क पळून जायचा. २००८ला लॉयल्टी गेली, २०११च्या ४.१ पॅचमध्ये मूडचा प्रकारही काढला. मग २०१९ला क्लासिक, म्हणजे जुन्या रूपातला गेम, आलं, कटकट परत. तूच निवडलंस ना, आता रडतोस कशाला 😄

पोहे_जिलबी:
मला उलट खायला घालणं आवडतं, आपलं जनावर वाटतं. वैताग आहे तो बॅगेतल्या जागेचा, बाण वेगळे, मांस वेगळं, माणसाने लूट ठेवायची कुठे? खाणं ठेवा पण त्याला वेगळी पिशवी द्या, एवढंच म्हणणं. आणि हो, डंजनमध्ये ग्राउलचं (राक्षसाला पेटकडे ओढणाऱ्या गुरगुरण्याचं) ऑटोकास्ट, म्हणजे आपोआप चालणं, बंद ठेवतोस ना? नाहीतर टँकच्या (पुढे राहून मार झेलणाऱ्याच्या) तोंडचा राक्षस तुझा वाघ पळवतो, शिव्या त्यावरूनच असतील.

सराफ्यातला_शिकारी:
...चालूच होतं ते 🤦 आज बंद करून बघतो. मासे पण खातो ना वाघ? बँकेत ढीग पडलाय.

पोहे_जिलबी:
खातो खातो. फक्त लढाई चालू असताना भरवता येत नाही, आधीच घाल.